रक्त कमी आहे, पण लोह गेलं कुठं?

मागे हॉर्नचे आवाज येतील, त्याबद्दल आधीच माफी मागतो. मी कुरुळीतून रेकॉर्ड करतोय. पुणे-नाशिक हायवे खोलीपासून फार लांब नाही आणि कंटेनरवाल्यांना रात्र-दिवस सगळं सारखंच.

आजचा विषय आहे रक्त. म्हणजे आपण ज्याला सरळ 'रक्त कमी आहे' म्हणतो, ते. मी डॉक्टर नाही. बीटेक केलंय, सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, दिवसभर लॉग वाचतो. तरीही हा भाग करतोय, कारण या विषयात मी एक चूक केली आणि त्या चुकीची किंमत माझ्या मावसभावाने मोजली. त्याला विचारूनच सांगतोय.

तो औसा तालुक्यातून इकडे आला, चाकणच्या पट्ट्यात कॉन्ट्रॅक्टवर कामाला लागला. वय २३. आम्ही दोघं एकाच खोलीत राहतो. मागच्या वर्षी पावसाळा संपता संपता तो म्हणायला लागला, "दादा, दोन जिने चढलो की धाप लागते. शिफ्टमध्ये हात-पाय गळून जातात." मी म्हटलं, मेसचं जेवण, नाइट शिफ्ट, झोप नाही, असंच होणार. तरी एका लॅबमध्ये रक्त तपासून घेतलं. रिपोर्ट मोबाइलवर आला. हिमोग्लोबिन ९.६. पुरुषांना किमान १३ तरी पाहिजे. ती एक ओळ लाल रंगात होती. मी ती वाचली, रिपोर्ट बंद केला आणि मेडिकलमधून लोहाच्या टॉनिकची बाटली आणली.

मग काय, बीट सुरू, खजूर सुरू, गूळ-शेंगदाणे सुरू. मावशी रोज फोनवर विचारायची, "घेतोय का रे तो औषध?" मी म्हणायचो, "घेतोय मावशी, रोज माझ्यासमोर घेतोय." आणि तो खरंच घेत होता. पोट साफ होईना, शी काळी व्हायची, तरी घेत होता. तीन महिन्यांनी परत तपासलं. हिमोग्लोबिन ९.४. वाढायचं सोडा, कमी झालं!

आता मी इंजिनिअर माणूस. टाकीत पाणी ओततोय आणि पातळी वाढत नाही, म्हणजे एकतर गळती आहे, नाहीतर पाणी टाकीपर्यंत पोचतच नाही. त्याला गळती नव्हती. मग बाटलीतलं लोह जात होतं कुठं?

हे समजायला आधी रक्त बनतं कसं ते बघू.

तांबड्या पेशी बनतात हाडांच्या आतल्या मगजात, ज्याला अस्थिमज्जा म्हणतात. वेग ऐकून थक्क व्हाल. सेकंदाला साधारण २० लाख पेशी. मी हे वाक्य बोललो तेवढ्यात कोटीच्या आसपास झाल्या. एक पेशी साधारण १२० दिवस जगते आणि मग मोडीत निघते. प्रत्येक पेशीत हिमोग्लोबिन भरायचं, म्हणजे लोह लागणारच. रोजची गरज २० ते २५ मिलिग्रॅम. पण आपल्या खाण्यातून शरीर रोज शोषून घेतं किती? फक्त १ ते २ मिलिग्रॅम.

मग बाकीचं येतं कुठून? भंगारातून! अगदी खरं सांगतोय. आपल्या पट्ट्यात भंगाराचा धंदा कसा चालतो ते तुम्हाला माहीतच आहे. शरीरात तो धंदा मॅक्रोफेज नावाच्या पेशी करतात. या रोगप्रतिकारशक्तीच्या पेशी आहेत. जंतू दिसला की गिळायचा हे त्यांचं एक काम. दुसरं काम म्हणजे प्लीहेत आणि यकृतात बसून म्हाताऱ्या तांबड्या पेशी गिळायच्या, आतलं लोह काढायचं आणि परत रक्तात सोडायचं. तेच लोह मज्जेत जातं आणि त्यातून नवीन पेशी बनते.

त्यांचं तिसरं कामही ऐका. मज्जेत तांबड्या पेशी सुट्या-सुट्या वाढत नाहीत. मधोमध एक मॅक्रोफेज आणि तिच्या भोवती वाढणाऱ्या पेशींचं कोंडाळं, असे छोटे गट असतात. फ्रान्सच्या मार्सेल बेसी यांनी १९५८ मध्ये याचं वर्णन केलं. तांबडी पेशी तयार होताना आपलं केंद्रक बाहेर टाकते, आणि ते उचलून गिळायचं कामही मधली मॅक्रोफेजच करते. म्हणजे रक्ताचा कारखाना आणि रोगप्रतिकारशक्ती ही दोन वेगळी खाती नाहीतच. एकाच छताखाली, एकाच लाइनवर काम चालतं. त्यामुळे एका खात्यात गडबड झाली की दुसऱ्याला झळ बसणारच.

समजा शरीरात जंतू शिरला आणि तो आठवडेच्या आठवडे मुक्काम ठोकून बसला. रोगप्रतिकारक पेशी मग एकमेकांना निरोप धाडायला लागतात. हे निरोप म्हणजे छोटी प्रथिनं. त्यातल्या एकाचं नाव तुम्ही नक्की ऐकलं असेल. इंटरल्युकिन-६.

आठवा एप्रिल २०२१. कोविडची दुसरी लाट. टोसिलिझुमॅब नावाच्या इंजेक्शनसाठी पुण्या-मुंबईत नातेवाईक वणवण फिरत होते. ते इंजेक्शन काय करतं? इंटरल्युकिन-६ चा निरोप पेशीवरच्या ज्या जागी पोचतो, ती जागाच अडवून ठेवतं. रिपोर्टमध्ये 'आयएल-६' हे तीन-चार अक्षरी नाव तेव्हा घराघरात माहीत झालं. तोच हा निरोप.

हा निरोप यकृतापर्यंत पोचला की यकृत हेप्सिडिन नावाचं हार्मोन सोडायला लागतं. आकाराने अगदी चिमुकलं, फक्त २५ अमिनो आम्लांचं. त्याचा शोध लागला २००० सालच्या आसपास, म्हणजे आपल्यापैकी बरेच जण जन्मले तेव्हा. पण काम मोठं. शरीरात लोह बाहेर सोडणारा एकच दरवाजा आहे, त्याचं नाव फेरोपोर्टिन. तो आतड्याच्या पेशींवर असतो आणि भंगारवाल्या मॅक्रोफेजवरही असतो. हेप्सिडिन जाऊन त्या दरवाजाला चिकटतं, आणि पेशी तो दरवाजाच आत ओढून मोडून टाकते. हे २००४ मध्ये दाखवलं गेलं.

आता चित्र डोळ्यांसमोर आणा. आतड्यात लोह आलंय, पण रक्तात जायला दरवाजा नाही. मॅक्रोफेजने भंगारातून लोह काढलंय, पण बाहेर सोडायला दरवाजा नाही. स्टोअर भरलेलं आहे, गेट बंद आहे आणि लाइनवर माल नाही. माझा भाऊ बाटल्यांवर बाटल्या पीत होता, आणि ते लोह बंद गेटासमोर उभं राहून उलट पावली शौचावाटे बाहेर पडत होतं.

हे सगळं होतं किती वेगाने? निरोगी स्वयंसेवकांना इंटरल्युकिन-६ देऊन पाहिलं, तर काही तासांतच हेप्सिडिन वाढलं आणि रक्तातलं लोह उतरलं. काही तासांत! आणि उलटी बाजूही तपासली गेली. कॅसलमन नावाचा एक दुर्मीळ आजार आहे, त्यात इंटरल्युकिन-६ खूप वाढतं आणि रुग्णांचं रक्तही कमी होतं. त्यांना तेच टोसिलिझुमॅब दिलं, तर हेप्सिडिन खाली आलं आणि हिमोग्लोबिन वर गेलं. म्हणजे कडी पक्की झाली.

तुम्ही म्हणाल, शरीर स्वतःचंच रक्त का अडवेल? वेड लागलंय का? नाही. जंतूंनाही वाढायला लोह लागतं. म्हणून शरीर काय करतं, घरात चोर शिरल्याची खबर आली की आधी कोठाराला कुलूप लावतं. दोन-चार दिवसांच्या आजारात ही युक्ती झकास चालते. आजार महिनोन्महिने चालला की मात्र चोर आतच आणि घरचे उपाशी, अशी गत होते.

हे कुलूप किती महत्त्वाचं आहे याचा एक कडक पुरावा आहे. टांझानियातल्या पेम्बा बेटावर, जिथं मलेरिया भरपूर, तिथं लहान मुलांना सरसकट लोह आणि फॉलिक ॲसिड देऊन पाहिलं. २००६ मध्ये निष्कर्ष छापून आला. लोह घेणाऱ्या मुलांमध्ये दवाखान्यात भरती होण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं, आणि तिथं लोह देणं मुदतीआधीच थांबवावं लागलं. हेतू चांगला होता, औषधही चांगलं होतं. पण आत आग चालू असताना ते दिलं गेलं.

बरं, कुलूप हा फक्त एक भाग झाला. आणखी तीन गोष्टी एकाच वेळी घडतात.

एक, ऑर्डरच कमी होते. नवीन पेशी बनवा, ही ऑर्डर मूत्रपिंडातून निघते, एरिथ्रोपोएटिन नावाच्या हार्मोनच्या रूपात. इंटरल्युकिन-१ आणि टीएनएफ हे निरोप ती ऑर्डर दाबतात. रक्त कमी झालंय म्हणून जेवढी ऑर्डर यायला पाहिजे तेवढी येत नाही.

दोन, लाइनच बदलते. इंटरफेरॉन-गॅमा नावाचा निरोप मज्जेतल्या मूळ पेशींना सांगतो, तांबड्या पेशी राहू दे, आधी पांढऱ्या बनव, लढाई चालू आहे. कारखान्यात अर्जंट ऑर्डर आली की नेहमीचं मॉडेल थांबवून लाइन दुसरीकडे वळवतात ना, तसंच.

तीन, चांगला मालही लवकर भंगारात जातो. खवळलेल्या मॅक्रोफेज १२० दिवस पुरे व्हायची वाट बघत नाहीत. बऱ्यापैकी चालणाऱ्या तांबड्या पेशीही त्या उचलून गिळतात.

लोह अडकलं, ऑर्डर घटली, लाइन वळली, आयुष्य कमी झालं. अशा चारी बाजूंनी हिमोग्लोबिन उतरतं. याला दाहामुळे होणारा ॲनिमिया म्हणतात. टीबी, संधिवात, मूत्रपिंडाचे जुने आजार, काही कॅन्सर, अशा अनेक ठिकाणी तो दिसतो.

एक गंमत सांगतो, म्हणजे निरोप एकाच दिशेने जातात असं वाटायला नको. समजा अपघातात रक्त गेलं. मग मज्जेतल्या वाढत्या तांबड्या पेशी स्वतः यकृताला निरोप धाडतात, एरिथ्रोफेरोन नावाचा. म्हणतात, आम्हाला माल लागतोय, हेप्सिडिन आवर, गेट उघड. हा निरोप २०१४ मध्ये सापडला. म्हणजे यकृताकडे दोन्हीकडून फोन येत असतात, एक म्हणतो बंद कर, दुसरा म्हणतो उघड. मोठा दाह असेल तर 'बंद कर' वाल्याचा आवाज चढा राहतो.

आता परत आमच्या खोलीत येऊ.

त्याला खोकला होता. मला माहीत होतं. पण इथं खोकला कुणाला नाही? रस्त्याची धूळ, धूर, थंडी. संध्याकाळी अंग कोमट लागायचं, तो म्हणायचा थकव्याने होतंय. पँटला बेल्टचं एक भोक जास्त लागायला लागलं होतं. आणि एक गोष्ट त्याने माझ्यापासून लपवली. त्याला स्वतःला शंका आली होती. पण तो बोलला नाही. नंतर म्हणाला, "दादा, टीबी निघाला असता तर कॉन्ट्रॅक्टरने दुसऱ्या दिवशी गेटपास काढून घेतला असता. घरी काय सांगणार होतो?"

दुसऱ्या रिपोर्टनंतर आम्ही एका डॉक्टर मॅडमकडे गेलो. त्यांनी लाल ओळ बघितलीच नाही. बोट दुसऱ्याच आकड्यावर ठेवलं. एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशीचा सरासरी आकार. तो ८४ होता, नॉर्मल. त्या म्हणाल्या, "लोहच कमी पडलं असतं तर इतक्या महिन्यांत पेशी लहान झाल्या असत्या. या लहान नाहीत." मग त्यांनी फेरिटिन आणि सीआरपी करायला सांगितलं. फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारा आकडा. तो आला ३१०. सीआरपी म्हणजे आत दाह किती आहे ते, तेही बरंच वाढलेलं.

साठा भरलेला, रक्त रिकामं. मॅडमनी छातीचा एक्स-रे आणि थुंकीची तपासणी लिहून दिली. थुंकी सरकारी केंद्रात तपासली, फुकट. टीबीच निघाला. आणि टीबीचा जंतू राहतो कुठं माहितीये? त्याच मॅक्रोफेजच्या पोटात, जिथं लोह अडकून पडलेलं असतं.

मॅडमनी लोहाची बाटली बंद केली आणि टीबीची औषधं सुरू झाली, सहा महिन्यांची. सरकारकडून औषधं मोफत, शिवाय खाण्यासाठी महिन्याला १००० रुपये खात्यात. दुसऱ्या महिन्यात हिमोग्लोबिन १०.८. कोर्स संपला तेव्हा १३.१. लोहाचा एक थेंबही न घेता! आग विझली, निरोप थांबले, हेप्सिडिन उतरलं, गेट उघडलं. कोठारात पडून असलेला माल लाइनवर आला.

माझी चूक काय होती ते आता सांगतो. मी रोज लॉग वाचणारा माणूस. लाल रंगातली पहिली ओळ म्हणजे मूळ कारण नसतं, ती बहुतेक वेळा परिणाम असते, हे मी ऑफिसमध्ये ज्युनिअरना शिकवतो. आणि घरी मी तेच केलं. ८४ हा आकडा पहिल्याच रिपोर्टमध्ये होता, लाल नव्हता म्हणून मी पाहिला नाही. तीन महिने वाया गेले. तीन महिने तो खोकत राहिला, त्याच खोलीत, माझ्या शेजारी. माझीही तपासणी झाली, मी सुटलो. पण जीव टांगणीला लागला होता.

आणि ही चूक काही नवी नाही. १९२८ मध्ये ल्युसी विल्स नावाच्या इंग्लिश डॉक्टर मुंबईत आल्या. गिरणी कामगार कुटुंबांतल्या गरोदर बायकांमध्ये भयंकर ॲनिमिया दिसत होता. त्या बायकांच्या पेशी लहान नव्हत्या, उलट मोठ्या होत्या. लोहाने फरक पडत नव्हता. विल्सबाईंनी खाण्यापिण्याचा अभ्यास केला, आणि शेवटी यीस्टच्या अर्काने त्या बायका बऱ्या व्हायला लागल्या. १९३१ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. त्या अर्कातला गुणकारी पदार्थ म्हणजे आज आपण ज्याला फॉलिक ॲसिड म्हणतो तो. तो आजार वेगळा, पण धडा तोच. रक्त कमी असणं हे उत्तर नाही, तो प्रश्न आहे.

आता एक गोष्ट नीट ऐका, नाहीतर माझ्यावर भलताच आळ यायचा. मी लोहाच्या गोळ्या वाईट आहेत असं अजिबात म्हणत नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना ॲनिमिया होता. त्यात खरंच लोह कमी असलेल्या भरपूर आहेत. पाळी, गरोदरपण, अपुरं खाणं, कारणं समोर आहेत. त्यामुळे घरात वहिनी, ताई गरोदर असेल आणि तिला गोळ्या दिल्या असतील, तर हा भाग ऐकून त्या बंद करू नका. आणि काही वेळा दोन्ही एकत्र असतं, लोहही कमी आणि दाहही आहे. म्हणूनच डॉक्टर लागतो.

तुम्ही एवढंच करा. हिमोग्लोबिन कमी आलं तर पूर्ण रिपोर्ट घेऊन डॉक्टरकडे जा आणि विचारा, "कमी का आहे?" एमसीव्ही किती आहे ते विचारा. फेरिटिन करायला सांगितलं तर सोबत सीआरपी लागेल का ते विचारा, कारण दाह असला की फेरिटिन आपोआप फुगतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये यासाठी दोन वेगळ्या रेषा दिल्या. निरोगी मोठ्या माणसात फेरिटिन १५ च्या खाली असेल तर लोह कमी समजायचं, पण संसर्ग किंवा दाह असेल तर ७० च्या खालीच. म्हणजे नुसतं 'फेरिटिन नॉर्मल आहे' या वाक्याला फार अर्थ नाही. आणि सांगितलेल्या मुदतीत औषधाने आकडा हलला नाही, तर बाटली बदलू नका, परत डॉक्टरकडे जा.

आणि दोन आठवड्यांच्या वर खोकला, संध्याकाळचा ताप, रात्री घाम, वजन उतरणं, यातलं काही असेल तर जवळच्या सरकारी केंद्रात थुंकी तपासा. पैसे लागत नाहीत. नोकरीच्या भीतीने लपवू नका. आणि तुमचा रूममेट लपवत असेल, तर त्याला रागावू नका, त्याच्यासोबत जा. रांगेत शेजारी कुणी असलं की माणूस जातो. एकटा असला की परत फिरतो.

भाऊ आता परत कामावर आहे. हा भाग टाकायच्या आधी त्याला ऐकवला. म्हणाला, "सगळं बरोबर आहे दादा, फक्त बीटचं सांगितलंस ते कमी सांगितलंस. मी आता जन्मात बीट खाणार नाही."

चला, भेटू पुढच्या भागात. कुणाचा फोन आला की 'रक्त कमी निघालंय', तर त्याला आधी विचारा, खोकला आहे का रे?